सांभळो छो?

अडीच हजारांत आला. अंगठ्याएवढा.
ऋत्विजनं लॅपटॉपच्या कुशीत खोचला, म्हणाला,
आजी, याला तोंड नाही, नुसता कान आहे.
टीव्हीच्या जुन्या अँटेनाचे दोन दांडे
पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर उभे केले
आणि पडद्यावर निळं पाणी खाली सरकू लागलं.
मधेच एखादी पिवळी रेघ:
तिथं कुणीतरी बोलत होतं.

हरणीला उतरणारं विमान. टॅक्सीवाले.
त्यांच्या मधल्या गल्लीत पोलीस.
हे ऐकायचं नसतं हां, गुन्हा आहे,
एवढं सांगून तो झोपायला गेला.

मला नियम शिकवतो.
एकतीस वर्षं ट्रंक बोर्डावर, त्यातली निम्मी रात्रपाळी,
हेडफोनचा वळ अजून केसांत आहे.
दोरी खोचायची, दिवा लागला की बाजूला व्हायचं.
जोडायचं, ऐकायचं नाही.
मोहितेबाई पाठीमागून चपला न वाजवता फिरायच्या.
तरी ऐकलंच नाही, असं आमच्यातली कोण म्हणेल?

मग रोज रात्री, अकरानंतर.
कारेलीबागेत स्कूटरवरून पाकीट मारलं.
फतेहगंजच्या पुलाखाली मगर, साहेब, मोटो छे,
जंगलखात्याला कळवा. जंगलखातं फोन उचलत नाही.
मांडवीच्या हवालदाराला खोकला आहे,
तो बटण सोडायला विसरतो
आणि सबंध शहराच्या बंदोबस्तात
त्याचा चहा बशीत ओतल्याचा आवाज येतो.

बोलण्याआधी जो तो तेच विचारतो:
कंट्रोल, सांभळो छो?
सत्तर वर्षं बडोद्यात काढल्यावर
सांभळवुं म्हणजे ऐकणं, एवढं मला कळतं.
पण रात्री दोन वाजता कान मराठीच उरतात.
सांभाळताय ना?
असंच ऐकू येतं.

त्या मंगळवारी सूरसागरच्या पाळीवर
मांडवीवाल्याला एक म्हातारा सापडला.
नाव सांगत नाही. घर सांगत नाही.
नुसते आकडे बोलतो, साहेब.
पांच आठ त्रण शून्य सात.
मोबाइल नंबर अधूरो छे, कंट्रोल म्हणालं,
बाकीचे पाच विचार.
विचारले. पांच आठ त्रण शून्य सात.

अधुरा नव्हता.
माझ्या उजव्या हाताला माझ्याआधी कळलं:
तिसरी ओळ, खालून चौथं भोक,
सलाटवाडा, मोघ्यांचा छापखाना.
दर गुरुवारी साडेनऊला नागपूर, तीन मिनिटं.
पहिली दोन मिनिटं नुसता श्वास,
मग पलीकडून एक बाई म्हणायची, जेवलात का?
आणि मी दोरी काढायला
कधी कधी तिसऱ्याची चार मिनिटं करायची.

हां, बोला, मी म्हणाले. लॅपटॉपला.
याला तोंड नाही.

शंभर नंबर लावायला मला पंधरा मिनिटं लागली.
त्यातली दहा मी पोळ्यांचं झाकण पुसत होते.
सलाटवाड्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, म्हटलं,
त्याच्या वर, दुसरा मजला, पुतण्या राहत असेल.
मोघे. मो-घे.
पलीकडचं पेन थांबलं.
बेन, तमे क्यांथी बोलो छो?

ऋत्विजच्या खोलीत पंखा करकरत होता.
एक्सचेंजमधून, मी म्हटलं.
ते पाडून तिथं गाड्या लावतात
त्याला अकरा वर्षं झाली.

फोन ठेवते न ठेवते तोच
माझंच वाक्य डब्यावरून परत आलं,
पुरुषी आवाजात, गुजरातीत:
कवरनी दुकान, उपर, बीजे माळे, मोघे.
मांडवीवाला खोकला. बटण अर्थातच सोडलं नाही.
चालो काका, म्हणाला.
काका काहीतरी म्हणू लागले,

तेवढ्यात मी तो उपसला.
हाताला गरम लागला,
रात्रभर जोडलेल्या दोरीचं टोक लागायचं तसा.